खाली सही कोणाची?

आमच्या सावद्यात एखादा माणूस दारू पीत नाही असे कळले, तर लोक त्याचे कौतुक करतात. चहा पीत नाही असे कळले, तर त्याला पित्त असेल असे समजून घेतात. पण एखादा फेसबुकवर नाही आणि त्याच्या फोनमध्ये व्हॉट्सॲपही नाही असे कळले, की समोरचा आवाज खाली आणतो आणि विचारतो, "का हो? घरात काही झालं का?"

मी त्या 'घरात काही झालेल्यां'पैकी आहे. वय पंचेचाळीस, शिक्षण बी. कॉम., नोकरी एका बँकेत काउंटरवर. २०२४ च्या वेतनकरारापासून आम्हा कारकुनांना 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात. नाव लांबले, खुर्चीची डुगडुग तीच राहिली. आमच्या शाखेचाही एक ग्रुप आहे. मी त्यात नसल्यामुळे मॅनेजरसाहेबांना माझ्यासाठीचा निरोप चिठ्ठीवर लिहून, खाली सही करून, शिपायाबरोबर पाठवावा लागतो. ग्रुपवरचा साहेबांचा हुकूम अंगाशी येणार असे दिसले, की दुसऱ्या दिवशी तो पुसलेला असतो. तिथे नुसती 'हा मेसेज काढून टाकला आहे' एवढी पाटी उरते. माझ्या चिठ्ठ्या मात्र ड्रॉवरमध्ये तारखेवार लावलेल्या आहेत. साहेब मला जरा वचकून असतात, त्याचे कारण माझी हुशारी नव्हे, तो ड्रॉवर आहे.

गावात माझ्यासारखे आणखीही आहेत. आमचा एक छोटासा अल्पसंख्य समाजच आहे म्हणा ना. फक्त आमचा ग्रुप नसल्यामुळे आम्ही एकूण किती आहोत, हे आम्हालाच ठाऊक नाही. एखादा लग्नात भेटतो, जेवताना सगळे खाली मान घालून फोन बघत असतात आणि आम्ही दोघेच एकमेकांच्या तोंडाकडे बघत असतो, तेव्हा ओळख पटते. मग बोलणे निघते. अशा बोलण्यातून माझ्या लक्षात आले, की प्रत्येकाचे कारण निराळे आहे.

माझ्या मावशीचे कारण सगळ्यांत जुने. नातवाचा फोटो चारचौघांना दाखवायचा नाही, दृष्ट लागते. तिच्या सुनेला ही शुद्ध अंधश्रद्धा वाटते. मलाही तसेच वाटत होते. पण एकदा मावशीला खोदून विचारले तेव्हा ती म्हणाली, "ज्याले पोरगं दाखवतो, त्याचं तोंड आपल्याले दिसलं पाहिजे. तो हासते का जळते, ते समजते." यावर सुनेजवळ उत्तर नव्हते. माझ्याजवळही नाही.

मामांचे कारण केळीचे. सावद्यात केळी नसलेला मामा मिळणे कठीण. एकदा त्यांच्या पुतण्याने बागेतल्या भरघोस घडांचा झकास फोटो काढला आणि म्हणाला, टाकतो फेसबुकवर. मामा त्याच्या अंगावर धावून गेले. "कायले? व्यापाऱ्याले घरबसल्या समजीन, का माल कापायले आला म्हनून. मंग तो भाव चढवीन का पाडीन?"

ज्यांना केळीचा धंदा माहीत नाही, त्यांच्यासाठी सांगतो. कापूस घरात भरून ठेवता येतो, भाव चढायची वाट बघता येते. केळीचा घड तयार झाला, की तो कोणासाठी थांबत नाही. दिल्लीला जायचा माल हिरवाच कापावा लागतो. उशीर झाला, तर तो रेल्वेने पाठवा की ट्रकने, वाटेतच पिकायला लागतो. अशा वेळी शेतकऱ्याजवळ एकच हत्यार उरते : आपली घाई समोरच्याला न कळू देणे. मामा याला 'झाकली मूठ' म्हणतात. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला. मी तो मामांना मोठ्या उत्साहाने समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "नऊ जन लागले?"

तिसरे आमच्या शेजारचे निवृत्त गुरुजी. त्यांनी जन्मभर वह्या तपासल्या. ते म्हणतात, "तिथं लिहिणारे सगळे आहेत, पण लाल शाईचं पेन कोणाकडेच नाही. कोणी चूक दाखवलीच, तर अख्खा वर्ग त्याच्याच अंगावर जातो."

या तिघांचे एकमेकांशी पटत नाही. पण तिघांची तक्रार बारकाईने ऐकली, तर ती एकच आहे. मावशीला बघणारा डोळ्यांसमोर हवा आहे, मामांना भाव करणारा बांधावर हवा आहे, गुरुजींना चूक कबूल करणारा वर्गात हवा आहे. तिघांनाही समोर कोणीतरी माणूस हवा आहे. माझे कारण याच जातीचे आहे, फक्त ते बँकेच्या भाषेत आहे. आणि ते मला एका चिल्लरच्या पिशवीने शिकवले.

भाजी विकणाऱ्या एक आजीबाई एकदा दहा रुपयांच्या नाण्यांची पिशवी घेऊन माझ्या काउंटरवर आल्या. "साहेब, हे बंद झाले म्हने. कोनी घेतच नाही." मी त्यांना सांगितले, की रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर करून टाकले आहे : दहाच्या नाण्याचे चौदा नमुने निघाले आणि चौदाही चालतात. आजीबाई म्हणाल्या, "मंग बंद झाले असं म्हनते कोन?" प्रश्न रास्त होता. मी दुपारच्या सुटीत त्यांच्या शेजारच्या दुकानदाराला विचारले. त्याला मेसेज आला होता. कोणाचा? मेव्हण्याचा. मेव्हणा भुसावळचा. त्याला कोणाचा आला? बऱ्हाणपूरच्या एका ओळखीच्या माणसाचा. तिथे महाराष्ट्राची हद्द संपली आणि माझी चौकशीही.

आता बघा. एका बाजूला रिझर्व्ह बँक, जिच्या गव्हर्नरची सही देशातल्या खिशाखिशात आहे. दुसऱ्या बाजूला भुसावळचा मेव्हणा. आणि बाजारात शब्द चालला तो मेव्हण्याचा! त्याआधी नोव्हेंबर २०१६ मध्ये दोन हजारांच्या नव्या नोटेत चिप बसवली आहे आणि नोट जमिनीत पुरली तरी ती उपग्रहाला दिसते, असा मेसेज फिरत होता. रांगेतल्या एका गृहस्थांनी नोट हातात घेताना मला गंभीरपणे विचारले होते, "रेंज कुठपर्यंत आहे?" २०२३ साली ती नोट चलनातून मागे घेण्याचे जाहीर झाले, तोपर्यंत कोणालाही चिप सापडली नाही आणि मेसेज लिहिणाराही सापडला नाही.

बी. कॉम.ला आम्हाला १८८१ सालचा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट होता. त्यातला एक नियम मला फार आवडायचा. तुमच्या नावाचा चेक तुम्ही पाठीमागे सही करून दुसऱ्याला देऊ शकता, तो तिसऱ्याला देऊ शकतो. याला एंडोर्समेंट म्हणतात. पण चेक वटला नाही, तर शेवटचा माणूस पाठीवर सही करणाऱ्या प्रत्येकाकडे पैसे मागू शकतो. म्हणजे नुसता पुढे दिला म्हणून हात झटकता येत नाहीत. पुढे देणाराही बांधला जातो. ज्याला बांधून घ्यायचे नसेल, त्याच्यासाठी कायद्याने एक पळवाट ठेवली आहे. सहीबरोबर 'सॅन्स रिकोर्स' असे लिहायचे. शब्द फ्रेंच आहे. अर्थ असा, की चेक बुडाला तर माझ्या दारात येऊ नका. असा चेक घेताना कोणताही शहाणा व्यापारी दहा वेळा विचार करील.

परीक्षेपुरते हे पाठ केले. पुढे वीस वर्षांच्या नोकरीत असा एकही चेक माझ्यासमोर आला नाही. मग एके रात्री बायकोच्या फोनवर एका लांबलचक मेसेजच्या शेवटी वाचले : 'जसे आले तसे पाठवत आहे.' मी उठून बसलो. हेच ते सॅन्स रिकोर्स! व्यापारी लोक ज्याला घाबरतात, ते फ्रेंचमधून मराठीत येऊन घरोघर पोहोचले होते आणि कोणालाही त्याची भीती वाटत नव्हती.

इथपर्यंत सगळी गंमत आहे. दहाच्या नाण्यापायी फार तर एका आजीबाईंची फेरी होते. पण १ जुलै २०१८ चा दिवस आठवला, की गंमत थांबते. आमच्या खानदेशाच्या दुसऱ्या टोकाला, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे गाव आहे. त्या दिवशी रविवार होता, बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी या भिक्षेवर जगणाऱ्या भटक्या समाजातले पाच जण गावात आले होते. बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे मेसेज त्या भागात आधीपासून फिरत होते. जमावाने या पाच जणांना धरले, ग्रामपंचायतीच्या कचेरीत नेले आणि तिथे ठार मारले.

त्या वर्षी देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक अशी होती : मोटारसायकलवरून दोघे येतात आणि रस्त्यावर खेळणारे मूल उचलून नेतात. ती मूळची कराचीची, मुलांकडे लक्ष ठेवा असे पालकांना सांगण्यासाठी मुद्दाम काढलेली. मूळ चित्रफितीत ते दोघे मूल लगेच परत आणून सोडतात आणि लोकांना सावध करणारा फलक दाखवतात. फिरणाऱ्या चित्रफितीत तो शेवट कोणीतरी कापला होता. कापणाऱ्याची सही नव्हती. पुढे पाठवणाऱ्यांनी जसे आले तसे पाठवले. खोट्या चेकची रक्कम शेवटी कोणी भरली? ज्यांचे त्या चेकवर नावही नव्हते, अशा माणसांनी. पोलिसांनी राईनपाड्यात मारहाण करणाऱ्यांची धरपकड केली. पण मेसेज पुढे ढकलणाऱ्या बोटांची यादी कोणत्या लेजरमध्ये मिळणार?

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असे ठरवले आणि अशा मेसेजवर 'फॉरवर्डेड' ही पाटी लावायला सुरुवात केली. २०२० मध्ये फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जाईल असा नियम झाला. नियम चांगले आहेत. पण ती पाटी मला अशी वाटते, की काउंटरवर येऊन कोणी सांगावे, "हा चेक दुसऱ्याचा आहे." अहो, दुसऱ्याचा आहे हे दिसतेच आहे. कोणाचा, ते बोला ना!

आणि जो सही करतो त्याचे काय होते, तेही आपण पाहिले आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. पालघरच्या एका तरुणीने त्या बंदबद्दल आपले मत फेसबुकवर स्वतःच्या नावाने लिहिले. तिच्या मैत्रिणीने त्याला 'लाइक' केले. दोघींना अटक झाली. पुढे त्याच प्रकारातून कायद्याचे ६६-अ हे कलम न्यायालयात गेले आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. न्याय मिळाला, पण तोपर्यंत लोकांनी घ्यायचा तो धडा घेतला होता. नाव घालून आपले मत लिहिले, तर पोलीस दारात येतात. नाव न घालता दुसऱ्याचे खोटे पुढे ढकलले, तर कोणी काही विचारत नाही. ज्या बँकेत खरी सही करणाऱ्याला धरतात आणि खोट्या सहीवाल्याला टोकन देतात, त्या बँकेत तुम्ही खाते उघडाल का?

तुम्ही म्हणाल, अफवा काय फोनने जन्माला घातल्या? मुळीच नाही. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितो ही बातमी एका दिवसात देशभर गेली, तेव्हा व्हॉट्सॲप कुठे होते? मी शाळेत होतो. आमच्या गल्लीत ती बातमी शेजारच्या काकूंनी आणली आणि आईने तांब्याभर दूध देवळात नेले. मग शास्त्रज्ञांनी पृष्ठताणाचे कारण सांगितले आणि आईने काकूंना गाठले. "काकू, दुधाचं काय मग?" काकू आठ दिवस ओट्यावर आल्या नाहीत. त्यानंतर काकूंनी आणलेली बातमी आमच्या गल्लीत चार आण्यांनाच घेतली जायची. ओटा काही देवळासारखा पवित्र नव्हता. ओट्यावरच्या बोलण्याने लग्ने मोडली आहेत. पण ओट्यावर निदान बातमीमागे काकू होत्या, आणि काकूंची पत किती हे गल्लीला ठाऊक होते.

फायदा होतो, हेही मी नाकारत नाही. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत ऑक्सिजन कुठे मिळेल, खाट कुठे रिकामी आहे, हे कित्येकांना ग्रुपवरूनच कळले आणि माणसे वाचली. पण त्यातले कोणते मेसेज कामाला आले? 'मी स्वतः आत्ता फोन करून खात्री केली आहे, दुपारचे चार' असे ज्यांच्याखाली लिहिलेले होते ते. तारीख, वेळ आणि सही. चेक पास!

बरे, लांब राहिल्यामुळे मी सुटलो, असेही नाही. राष्ट्रीयीकृत बँकेत रुजू होणाऱ्याला गुप्ततेच्या प्रतिज्ञापत्रावर सही करावी लागते. १९७० च्या कायद्यातच त्याचा नमुना छापलेला आहे. गिऱ्हाइकाच्या खात्यात किती आहेत, हे मी त्याच्या सख्ख्या भावालाही सांगू शकत नाही. आणि केंब्रिज ॲनालिटिकाचे प्रकरण निघाले तेव्हा, २०१८ साली, फेसबुकनेच सांगितले, की भारतात ते ॲप घेतले होते ३३५ जणांनी. पण त्यांच्या ओळखीपाळखीतून साडेपाच लाखांवर लोकांची माहिती बाहेर गेली असण्याची शक्यता आहे. ३३५ सह्यांवर साडेपाच लाख खाती! आमचे साहेब दोन जामीनदार असताना एक म्हैस मंजूर करायला आठवडा लावतात. मी फेसबुकवर नाही, पण भाचीच्या लग्नाच्या फोटोंत मी आहे, हातातल्या जिलेबीसकट आहे, आणि ते फोटो तिथे आहेत.

आणि राईनपाड्याच्या जमावात प्रत्येकाने तो मेसेज वाचला असेल असे थोडेच आहे? वाचणाऱ्याने न वाचणाऱ्याला सांगितले, की काम झाले. म्हणजे माझ्या फोनमध्ये अमुक एक गोष्ट नाही, एवढ्यावर मी सोवळा ठरत नाही. 'मी त्यात नाहीच' असे म्हणणेसुद्धा एक प्रकारचे सॅन्स रिकोर्सच झाले. म्हणून मी सोवळे पाळत नाही, काउंटरवरची सवय पाळतो. चेक कितीही मोठा असो, आणणारा कितीही ओळखीचा असो, आधी तारीख बघायची, मग खालची सही बघायची, आणि जुळत नसेल तर न रागावता परत करायचा. आमच्याकडे चेक परत करताना कारणांचा एक छापील कागद जोडतात. त्यातले माझे आवडते कारण 'रेफर टू ड्रॉवर'. म्हणजे बाबा रे, ज्याने चेक लिहिला त्यालाच जाऊन विचार.

बायको रात्री मेसेज वाचून दाखवते आणि मी अंथरुणातून 'रेफर टू ड्रॉवर' म्हणतो. वर्षभर ती वैतागायची. "अहो, बँक बंद झाली आता, झोपा!" पण ऐकून ऐकून तिलाही ती खोड लागली असावी. परवा नातेवाइकांच्या ग्रुपवर पुन्हा तसाच मेसेज आला : मुले पळवणारी टोळी आपल्या भागात शिरली आहे, अनोळखी माणूस दिसला तर सोडू नका, जसे आले तसे पाठवत आहे. बायकोने खाली लिहिले, 'तुम्हाला कोणी सांगितलं? नाव सांगा.' अर्धा तास ग्रुप गप्प. मग उत्तर आले, 'काळजीपोटी टाकलं.' तिने पुन्हा विचारले, 'काळजी कळली. नाव?' कोणी म्हणाले, वहिनी फार तोडून बोलतात. तिने तिसऱ्यांदा विचारले. तेव्हा मेसेज पुसला गेला, आणि पाठोपाठ तिच्या नणंदेने, म्हणजे माझ्या सख्ख्या बहिणीने, तिलाही ग्रुपमधून काढून टाकले.

आमचा अल्पसंख्य समाज एकाने वाढला.